नवऱ्याची क्रिया चालू दे, शेताचं मात्र बसून बोला

प्रश्न : मावशी नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, वय ३९. मिस्टरांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, दिरांसोबत पार्टनरशिपमधे. मागच्या वर्षी त्यांनी ईशा फाउंडेशनचा इनर इंजिनियरिंग कोर्स केला, आधी मोबाईलवर आणि मग पुण्याला जाऊन दीक्षा घेऊन आले. तेव्हापासून पहाटे साडेचारला उठतात, मावा सुटला, चिडचिड कमी झाली, हे खरंय. पण आता घरात मटण बंद, पोरीला पण सकाळी कडुनिंबाची गोळी, आणि स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःच अर्ध्या केल्यात. वडाळ्याजवळ आमची चार एकर कोरडवाहू आहे, सासूबाई, हे आणि दीर अशी तिघांच्या नावावर, तिथं सगळीकडं चंदन आणि साग लावायचा म्हणतात. वर दोन लाख देणगी द्यायचीय, कुणी मागितली नाही, यांनीच ठरवलंय. सासूबाई म्हणतात आपला सिद्धेश्वर असताना परका गुरू कशाला. भावानं व्हॉट्सअॅपवर कोर्टाच्या बातम्या पाठवल्या तेव्हापासून मला झोप नाही. शिवरात्रीला सगळ्यांना कोईमतूरला न्यायचं म्हणतात आणि पोरगी दहावीला आहे. अडवू का यांना? का माझंच चुकतंय?

मावशीचं उत्तर :

अगं, आधी तुझ्या झोपेचं बघू. भावानं पाठवलंय ते बहुतेक २०२४चं प्रकरण असणार. एका वडिलांनी मद्रास हायकोर्टात अर्ज केला होता की माझ्या दोन मुलींना आश्रमात अडकवून ठेवलंय म्हणून, हायकोर्टानं पोलिसांकडून माहिती मागवली, पोलिसांच्या गाड्याच्या गाड्या आश्रमात गेल्या आणि त्याचेच व्हिडिओ सगळीकडं फिरले. पुढं ते सुप्रीम कोर्टात गेलं, दोघी बायका चाळिशीच्या आसपासच्या, त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही आमच्या मर्जीनं राहतोय, आणि ऑक्टोबर २०२४मधे कोर्टानं ते प्रकरण तिथंच बंद केलं. मात्र बाकीच्या ज्या काही चौकश्या असतील त्यांना यामुळं अडथळा नाही, असंही कोर्टानं म्हटलं. म्हणजे संस्थेचं सगळंच धुतल्या तांदळासारखं आहे असं कुणी सांगितलं नाही, आणि तुझ्या भावाला वाटतंय तसं नवरा पळवून नेतील असंही काही नाही. फॉरवर्डमधे पहिला भाग तेवढा येतो गं, निकाल कोण फॉरवर्ड करत नाही. तुझे मिस्टर रोज कारखान्यातून घरी येतायत, जेवतायत, पोरीच्या अभ्यासाची चौकशी करतायत, मग झोप कशाला घालवतीस.

आता तू पत्रात सगळं एकाच गाठोड्यात बांधून टाकलंयस बघ. पहाटेची क्रिया, मटण, गोळ्या, जमीन, देणगी, गुरू, सासूबाई. मिस्टरांनी पण तेच केलंय, त्यांना वाटतंय कोर्स चांगला निघाला म्हणजे चंदन पण चांगलंच निघणार. आणि तुला वाटतंय चंदनाचं खूळ दिसतंय म्हणजे कोर्सच वाईट. तुम्ही दोघं एकच चूक उलट्या बाजूनं करताय. हे गाठोडं सोडायचं. जे त्यांचं एकट्याचं आहे ते त्यांना करू दे, आणि जे घराचं आहे ते घरानं ठरवायचं.

त्यांचं एकट्याचं म्हणजे काय, तर ती क्रिया. शांभवी महामुद्रा म्हणतात ती एकवीस मिनिटांची असते, रिकाम्या पोटी बसून करायची. एकवीस मिनिटं गं! याआधी मावा खायला टपरीवर जायचे तेव्हा किती वेळ जायचा ते आठव जरा, तेव्हा तू मला पत्र नव्हतं लिहिलंस. माणसाचा मावा सुटला, तोंड सुटायचं कमी झालं, हे कुठल्या गुरूमुळं झालं का बायकोच्या नशिबानं झालं याची चौकशी मी तरी करणार नाही. तुला त्यात बसायची इच्छा नसेल तर बसू नकोस, पण पहाटे भांडी आपटायची पण नाहीत.

आणि ते ज्यात गुंतलेत ते नेमकं काय आहे हे तू पण थोडं माहीत करून घे, माहीत नसलं की नुसता संशय वाढतो. ईशा ही १९९२ला सुरू झालेली संस्था, सद्गुरू जग्गी वासुदेव यांची, कोईमतूरजवळ वेल्लियंगिरी डोंगराच्या पायथ्याला आश्रम आहे, तिथं १९९९मधे ध्यानलिंगाची प्रतिष्ठा झाली, आणि ती ११२ फुटी आदियोगीची मूर्ती तू टीव्हीवर बघितलीच असशील, ती २०१७च्या शिवरात्रीची. सुरवातीचा कोर्स झाला की पुढचे निवासी कोर्स असतात, त्यातला संयमा म्हणजे तर आठ दिवस मौन. इथून पुढं ते अजून कोर्सला जातो म्हणतील, तेव्हा दचकायचं नाही, फक्त कारखान्यात त्या दिवसांत कोण बसणार हे दिरांशी आधी बोलून जायला सांगायचं. भागीदारीत एकानं आठ दिवस मौन धरलं तर दुसऱ्याला दुप्पट बोलावं लागतं.

गोळ्यांचं मात्र मी ऐकून घेणार नाही. बीपी आणि शुगरची गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करणं याला अध्यात्म म्हणत नाहीत. उलट बघ, पहाटे रिकाम्या पोटी क्रिया, मधून एकादशीचा उपास, आणि शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात काही नसलं तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, थरथर होते, माणूस जागेवर आडवा होतो. म्हणजे डोस बदलायची खरंच गरज असू शकते, पण ती डॉक्टरनं बदलायची. योगानं त्यांचं बीपी खाली आलं असेल तर चांगलंच आहे की, मग ते मशीनवर दिसेल, रिपोर्टात दिसेल, डॉक्टर स्वतःहून गोळी कमी करतील. तू भांडू नकोस, तू फक्त अपॉइंटमेंट घे आणि सोबत जा, आणि किती वाजता क्रिया, किती वाजता नाश्ता, किती वाजता गोळी हे एका कागदावर लिहून ने. तीन महिन्याची शुगर दाखवणारी एचबीए१सी करून घ्या. याच आठवड्यात. बाकीचं सगळं थांबलं तरी चालेल, हे नाही.

मटण त्यांनी सोडलं तर सोडू दे, तू आणि पोरगी खात असाल तर तुमच्यासाठी रविवारी शिजवायचं, त्यांना शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी. सोलापूरच्या माणसाचं त्यावर काही अडत नाही. पोरीच्या ताटात काय यायचं हे पोरगी आणि तू ठरवणार. आणि कडुनिंबाची गोळी तिला जबरदस्तीनं द्यायची नाही, दहावीचं वर्ष आहे, आधीच तोंड कडू झालेलं असतं.

आता शेताकडं येऊ, कारण खरा घोळ तिथं होणार आहे.

मिस्टरांच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला बरोबर दिसतंय. संस्थेचं झाडांचं काम जुनं आहे, २००४पासून तमिळनाडूत प्रोजेक्ट ग्रीनहँड्स म्हणून, २००६मधे एका दिवसात साडेआठ लाख रोपं लावून गिनीजमधे पण नाव गेलं. मग २०१७ला रॅली फॉर रिव्हर्स, ते मिस्ड कॉल द्या म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर आलेलं, त्यात नदीच्या दोन्ही काठांना किमान एकेक किलोमीटर झाडी हवी असं म्हणणं होतं, आणि आपल्या महाराष्ट्रात यवतमाळच्या वाघाडी नदीवर काम घेतलं. मग २०१९ला कावेरी कॉलिंग, बारा वर्षांत २४२ कोटी झाडं, आणि ती सरकारी जागेत नाही तर शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतात, म्हणजे शेतकऱ्याला लाकडातून पैसा आणि नदीला सावली. विचार मला आवडतो, खोटं कशाला बोलू. त्यावर टीका पण झाली त्याच वर्षी, पर्यावरणात काम करणारे लोक म्हणाले की नदीचं दुखणं वाळूउपसा, धरणं, बोअरवेल असं चार बाजूंनी आहे आणि ते एकट्या झाडानं बरं होत नाही. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण तुमच्यासाठी मुद्दा वेगळाच आहे. ते गणित कावेरीच्या खोऱ्याचं आहे आणि तुमचं शेत वडाळ्याला आहे!

आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो पण येईल तेव्हा येईल. सागाला खोल, निचऱ्याची जमीन आणि याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस लागतो. मुरमाड माळावर लावलेला साग मरत नाही कधीकधी, पण वाढत पण नाही, वीस वर्षांनी काठी हातात येते. चंदन कमी पावसावर जगतं हे खरं, पण चंदनाची एक खोड आहे, ते अर्धं दुसऱ्याच्या जीवावर जगतं, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळातून खाणं ओढतात, म्हणून आधी तुरीसारखं यजमान झाड आणि पुढं एखादं मोठं झाड सोबत लावावं लागतं. गाभा तयार व्हायला बारा-पंधरा वर्षं, कधी जास्तच. आणि गाभा तयार झाला की चोरांना तुमच्याआधी कळतं. तारेचं कुंपण, राखण, सातबाऱ्यावर नोंद, तोडायच्या वेळी वनखात्याची परवानगी, वाहतुकीचा पास, हे सगळं धरून कुणी हिशोब केलाय का घरात? मला नाही वाटत, कोर्सचा उत्साह असला की माणूस फक्त शेवटचा आकडा बघतो.

वर जमीन तिघांच्या नावावर. पंधरा वर्षं अडकणारं पीक एकानं लावायचं आणि उद्या वाटणीची वेळ आली की झाडं कुणाची यावरनं भाऊ भाऊ बोलायचे बंद व्हायचे, हे मी आपल्या जिल्ह्यात बघितलेलं आहे आणि तिथं कुठला गुरू पण नव्हता, साधी आंब्याची झाडं होती. त्यामुळं दीर आणि सासूबाई यांच्याशी बोलून, कागदावर लिहून मगच खड्डा घ्यायचा.

अजून एक, जे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. वडाळा म्हणजे नान्नजच्या पलीकडं, म्हणजे माळढोक पक्ष्याचा माळ. १९७९ला तिथं अभयारण्य झालं ते झाडांसाठी नाही, गवतासाठी. माळढोक, काळवीट, लांडगा यांना उघडा माळ लागतो, लांबवर दिसणारं गवत लागतं, आणि आपण शाळेपासून शिकलोय की उजाड दिसलं की झाड लावा. माळावर गिरिपुष्पासारखी लागवड झाली, बाकी पण हजार कारणं झाली, आणि आज माळढोक दिसला तर बातमी होते. मी तुमच्या चार एकरावर माळढोक येईल म्हणत नाही गं, पण पर्यावरणासाठी म्हणून जे करायचं ते त्या जागेला मानवणारं असावं, एवढं मिस्टरांना सांग. शेताचा जो भाग गवताळ माळाला लागून आहे तो आहे तसा गवताला सोडला तर ते पण पर्यावरणाचंच काम आहे, आणि फुकटात होतं.

मग काय करायचं? झाडं लावायची, पण आपली. बांधावर बोर, चिंच, कडुनिंब, हिवर. एखाद एकरावर सीताफळ, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्यातनं निघालेली एनएमके-१ गोल्डन जात आता सगळीकडं लोक घेऊन जातायत आणि आपण मात्र कोईमतूरकडं बघतोय. कमी पाण्यात येतं, शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत, तीन-चार वर्षांत हातात पैसा दिसतो. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान बसतंय का ते सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर बघा किंवा गावच्या कृषी खात्याच्या माणसाला विचारा. उरलेल्यात ज्वारी आणि तूर चालू ठेवा, सासूबाईंची हुरड्याची जागा घालवू नका. आणि चंदनाची हौसच असेल तर बांधाच्या कडेला, राखण होईल तिथं दहा-वीस झाडं लावून बघू दे की, हौसेला मोल नसतं पण मर्यादा असावी.

त्याच्याही आधी माती तपासा. हे तर त्यांच्याच गुरूचं म्हणणं आहे, २०२२ला वयाच्या चौसष्टीत लंडनपासून मोटारसायकलवर शंभर दिवस, तीस हजार किलोमीटर फिरले ते मातीसाठीच, शेतजमिनीत निदान तीन टक्के सेंद्रिय पदार्थ हवा म्हणून. आपल्या माती परीक्षणाच्या कागदावर मात्र सेंद्रिय कर्ब लिहिलेला असतो, दोन्ही आकडे एक नाहीत, कर्बाला साधारण पावणेदोननं गुणलं की सेंद्रिय पदार्थ निघतो. म्हणजे तीन टक्के पदार्थ म्हणजे साधारण पावणेदोन टक्के कर्ब, आणि आपल्या हलक्या कोरडवाहू जमिनीत अर्धा टक्का आला तरी लोक समाधान मानतात. मिस्टरांना हा कागद हातात दे, मला खात्री आहे साग विसरून ते शेणखत आणि पालापाचोळ्याच्या मागं लागतील. भक्त माणसाला गुरूच्याच शब्दानं वळवावं, आपल्या शब्दानं वळत नाही.

सासूबाईंचं काय करायचं विचारतीस. त्यांना दुखवू नको, पण त्यांना एवढं विचार की आपल्या सिद्धेश्वरांना, म्हणजे सिद्धरामेश्वरांना, आपण शिवयोगी का म्हणतो? बाराव्या शतकात या माणसानं सोन्नलगीत म्हणजे आपल्या या सोलापुरात अडुसष्ट लिंगं स्थापली आणि हजारो हात लावून तळं खोदलं. संत अल्लमप्रभू आले तेव्हा त्यांनी सिद्धरामांना दगडमाती करणारा वड्डर म्हणून डिवचलं होतं, की हे खोदकाम करत बसलायस, आतलं कधी खोदणार, आणि मग सिद्धराम बसवकल्याणला बसवण्णांकडं गेले अशी कथा आहे. म्हणजे डोळे मिटून बसायचं का लोकांसाठी राबायचं हा वाद आपल्या तळ्याच्या काठावर आठशे वर्षांपूर्वीच झालाय. सिद्धरामांनी आत पण बघितलं आणि तळं पण ठेवलं, त्याच्याच पाण्यात आज त्यांची समाधी आहे. सासूबाईंच्या देवानं जे केलं तेच मुलगा करायला बघतोय, फक्त गुरू तमिळनाडूतला आहे आणि अॅप मोबाईलवर आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला नंदीध्वजांच्या मागं ते आईसोबत चालले आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणाले की अर्धं भांडण मिटलं असं समज.

त्यावरनंच एक सुचलं. मिस्टरांना सेवेची ओढ लागलीय ना, मग लांब कशाला, संभाजी तलाव आहे, १८७१चा हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे, रविवारी सकाळी क्रिया झाली की चार कामगार, चार मित्र घेऊन काठाचं प्लॅस्टिक काढा. कारखान्याचं पाणी, रंगाचं पाणी कुठं जातं हे पण एकदा बघून घेऊ दे. टॉवेलवाल्यानं कावेरीच्या आधी स्वतःच्या गटाराकडं बघितलं तर मला जास्त आवडेल, हे माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल.

देणगीचं थोडक्यात. कुणी मागितले नाहीत ना, मग घाई पण नाही. दोन लाख कारखान्याच्या गल्ल्यातनं जाणार असतील तर त्यात दिरांचा हिस्सा आहे, तो परस्पर देता येत नाही. मिस्टरांच्या स्वतःच्या वाट्यातनं, पोरीच्या अकरावीची फी आणि दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून जे उरेल त्यातनं द्यावं. कावेरी कॉलिंगला एका झाडाचे ४२ रुपये असा हिशोब होता, म्हणजे हजार-दोन हजारात पण मन भरतं. कुठल्याही संस्थेला देताना ऑनलाइन किंवा चेकनंच द्या, पॅन नंबर द्या, पावती आणि पुढं देणगीचं सर्टिफिकेट घ्या. रोखीत दोन हजाराच्या वर दिलं की देणगीची टॅक्समधली सूट मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममधे असतील तर ती सूट नाहीच, सीएला विचारायला सांग, कारण पुष्कळ लोक टॅक्स वाचेल म्हणून देतात आणि मार्चमधे डोक्याला हात लावतात.

हे सगळं बोलायला एकदा सगळे बसा, तू, मिस्टर, दीर, सासूबाई. विषय जमीन आणि पैसा एवढाच ठेव. गुरू खरा का खोटा हा विषय निघाला की उठून चहा टाक. त्या विषयाला शेवट नसतो आणि त्याच्यावर सातबारा अवलंबून नाही.

राहिली शिवरात्र. ती फेब्रुवारी-मार्चमधे येते, म्हणजे बरोबर दहावीच्या बोर्डाच्या तोंडावर किंवा मधेच. पोरगी जाणार नाही, तू पण तिच्यासोबत घरी. मिस्टरांना जायचं तर खुशाल जाऊ दे, तिकडची रात्रभराची जागरणं लाइव्ह दिसतात, तुला बघायची तर टीव्हीचा आवाज बारीक करून बघ. रेल्वेचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, त्यांना म्हणावं एकाचंच काढा, आणि निघायच्या आधी डॉक्टरची भेट झालेली पाहिजे, गोळ्यांचा डबा बॅगेत तू स्वतः ठेव.

— मावशी